मेमरी भरपूर, पत्ते अपुरे

३२ बिटी यंत्रासाठी लिनक्स कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) मेन्यूकॉन्फिग, म्हणजे बांधणीआधी पर्याय निवडायचा मेन्यू, उघडलं की 'प्रोसेसर टाइप अँड फीचर्स' या भागात मेमरीबद्दलचे दोन-तीन पर्याय दिसतात. बहुतेक जण ते यंत्रातल्या मेमरीच्या आकड्याशी जुळवतात आणि पुढे जातात. ४ जीबी आहे ना, मग '४ जीबी' निवडा. ८ आहे, मग '६४ जीबी' (हा पर्याय २०२५पर्यंत होता). हिशेब सरळ वाटतो आणि तिथेच घसरतो. यंत्रात मेमरी किती, हे कर्नलला फर्मवेअरच्या नकाशावरून बूट होताना कळतंच. या पर्यायांतून ठरतं ते वेगळंच : त्या मेमरीपर्यंत कर्नलने पोचायचं कसं, आणि त्यासाठी पत्त्यांचा किती पट्टा स्वतःकडे राखायचा. मेमरी वाढवता येते. ३२ बिटी प्रोसेसरचे व्हर्च्युअल पत्ते, म्हणजे प्रोग्राम आणि कर्नल वापरतात ते पत्ते, मात्र ४ जीबीच्या पलीकडे एका बाइटनेही सरकत नाहीत.

आधी ही वाटणी समजून घेऊ. ३२ बिटी एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) नेहमीच्या मांडणीत खालचे ३ जीबी पत्ते प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, मिळतात आणि वरचा १ जीबी कर्नलला. कर्नलचा हा तुकडा प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांत जसाच्या तसा असतो, कारण प्रत्येक सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याला) पेज टेबल, म्हणजे कोणता व्हर्च्युअल पत्ता कोणत्या फिजिकल पेजवर जातो याची यादी, बदलत बसणं महागात पडतं. आपल्या १ जीबीत कर्नल फिजिकल मेमरी सरळ रेषेत मांडतो : फिजिकल पत्त्यात ठरावीक आकडा मिळवला की व्हर्च्युअल पत्ता तयार. शोधाशोध नाही, नवं मॅपिंग नाही. पण सगळा १ जीबी या कामाला देता येत नाही. व्हीएमअलॉक (विखुरलेली मेमरी सलग पत्त्यांत मांडण्याची सोय), उपकरणांची रजिस्टरं, तात्पुरती मॅपिंग यांसाठी वरचे १२८ एमबी बाजूला काढावे लागतात. उरतात ८९६ एमबी. हीच लो मेमरी. त्यापुढची सगळी हाय मेमरी. ती यंत्रात आहे, पण कर्नलकडे तिचा कायमचा पत्ता नाही. हात लावायचा तर आधी तात्पुरती खिडकी उघडायची, काम करायचं, खिडकी मिटायची.

ही खिडकी किती अरुंद आहे? ती उघडणाऱ्या 'केमॅप'साठी, पीएई (३२ बिटी प्रोसेसरला ४ जीबीच्या पलीकडची मेमरी गाठू देणारी सोय) नसताना, प्रत्येकी एका ४ केबी पेजच्या १०२४ जागा असतात, म्हणजे ४ एमबी. पीएई चालू केलं की ५१२, म्हणजे २ एमबी. जास्त मेमरी गाठण्यासाठी पीएई घ्यायचं आणि खिडकी निम्मी व्हायची, असा हा व्यवहार आहे.

आता लो मेमरीवर हक्क सांगणाऱ्यांची रांग पाहा. प्रत्येक ४ केबी पेजसाठी कर्नल 'स्ट्रक्ट पेज' नावाची नोंद ठेवतो; ३२ बिटांत ती साधारण ३२ बाइटची असते. ४ जीबी मेमरीला या नोंदी ३२ एमबी खातात, १६ जीबीला १२८ एमबी आणि ६४ जीबीला ५१२ एमबी. या नोंदी कर्नलला सतत लागतात, म्हणून त्या लो मेमरीतच बसतात. म्हणजे ३२ बिटी यंत्रात ६४ जीबी घातले तर ८९६ पैकी निम्म्याहून अधिक जागा नुसत्या नोंदवहीत गेली. मेमरी वाढवल्यावर यंत्र आणखी अडखळायला लागलं, ही तक्रार अशा यंत्रांबाबत खोटी नसते.

नोंदवहीनंतर आयनोड आणि डेन्ट्रीचे (फाइलींच्या माहितीचे आणि नावांचे) कॅशे, प्रत्येक थ्रेडचा ८ केबी कर्नल स्टॅक, नेटवर्कचे बफर, आणि पेज टेबल. पेज टेबलांचा हिशेब तर एकदा तरी कागदावर मांडावाच. पीएईत एक नोंद ८ बाइटची. १ जीबी म्हणजे २,६२,१४४ पेज. म्हणजे एका प्रोसेसने १ जीबी शेअर्ड मेमरी पूर्ण मॅप केली की तिच्या पेज टेबलांना २ एमबी लागले. डेटाबेसला जोडलेल्या अशा ५०० प्रोसेस असतील तर १००० एमबी. मेमरी तीच, सगळ्यांत मिळून एकच १ जीबी, पण तिचे पत्ते लिहून ठेवायलाच ८९६ एमबीपेक्षा जास्त जागा हवी. उपाय दोन. पहिला, जुन्या कर्नलांतला 'हायपीटीई' : शेवटच्या पातळीची पेज टेबलं हाय मेमरीत ठेवायची आणि प्रत्येक वेळी खिडकी उघडण्याचा खर्च सोसायचा. दुसरा जास्त चांगला : त्या शेअर्ड मेमरीला २ एमबीची ह्यूज पेज द्यायची. मग ५१२ नोंदींचं काम एका नोंदीत होतं आणि शेवटची पातळीच गळून पडते.

लो मेमरी संपली की दृश्य चमत्कारिक असतं. 'फ्री' आदेश गीगाबाइटांत मोकळी मेमरी दाखवत असतो आणि तरी ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद करणारा कर्नलचा भाग) प्रोसेस मारत सुटतो. अशा वेळी डीमेसेजमधला (कर्नलच्या लॉगमधला) अहवाल घाईने खाली सरकवू नये. त्यात प्रत्येक झोनची, म्हणजे मेमरीच्या विभागाची, वेगळी ओळ असते. 'हायमेम'च्या ओळीत 'फ्री'चा आकडा लाखो केबींत आणि 'नॉर्मल'च्या ओळीत 'फ्री'चा आकडा 'मिन'च्या (किमान राखीव साठ्याच्या) खाली, असं दिसलं की रोग सापडला. वर 'जीएफपी कर्नल' असं लिहिलेलं असेल तर मागणी लो मेमरीचीच होती. हाय मेमरी कितीही पडून असली तरी ती इथे कामाची नव्हती. संकट येण्याआधी पाहायचं तर प्रॉकमधल्या मेमइन्फो फाइलीत 'लोटोटल' आणि 'लोफ्री' या ओळी आहेत, किंवा 'फ्री'ला वजा एल जोडावं. हाय मेमरीचा पर्याय बंद असलेल्या कर्नलवर मेमइन्फोत या ओळी दिसतच नाहीत, तेव्हा त्या शोधत बसू नये.

असं झालं की स्वॅप (मेमरीतली पेज उतरवून ठेवायची डिस्कवरची जागा) वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो इथे निरुपयोगी आहे. स्वॅपमध्ये जातात ती प्रोसेसची पेज, आणि ती बहुतेक आधीच हाय मेमरीत असतात. स्लॅबमधले (कर्नलच्या स्वतःच्या साठ्यातले) आयनोड किंवा पेज टेबलं स्वॅप होत नाहीत.

मग वाटणीच बदलावी का? 'मेमरी स्प्लिट' हा पर्याय त्यासाठीच आहे, पण आधी 'जनरल सेटअप'मध्ये 'एक्सपर्ट' चालू केल्याशिवाय तो दिसत नाही. त्यात पाच मांडण्या आहेत. नेहमीची ३/१. तिचीच एक सुधारित आवृत्ती, जिच्यात सीमा ३ जीबीवरून २८१६ एमबीवर येते आणि कर्नलला १२८० एमबी मिळतात. त्यातले १२८ वजा केले की ११५२, म्हणजे १ जीबीची पूर्ण मेमरी थेट आवाक्यात. मग २/२, त्याची सुधारित आवृत्ती, जिच्यात २ जीबी मेमरी पूर्ण बसते, आणि शेवटी १/३.

१ जीबी मेमरीच्या यंत्रासाठी ही सुधारित ३/१ मांडणी फार उपयोगाची आहे. नेहमीच्या मांडणीत शेवटचे १२८ एमबी हाय मेमरीत पडतात आणि तेवढ्यासाठी लोक अख्खा हाय मेमरीचा पर्याय चालू करतात. त्यापेक्षा सीमा थोडी खाली सरकवावी, हाय मेमरी बंद करावी. केमॅपची सगळी कसरत मिटते. एआरएम प्रोसेसरच्या ३२ बिटी बोर्डांवर तर फरक आणखी दिसतो. तिथे व्हीएमअलॉकसाठी मुळातच २४० एमबी राखलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या मांडणीत लो मेमरी ७६० एमबीवरच थांबते.

२/२ आणि १/३ निवडताना जास्त विचार हवा. प्रोसेसला ३ जीबी पत्ते मिळणारच असं गृहीत धरलेली सॉफ्टवेअर आहेत. वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं), व्हॅलग्राइंड (प्रोग्रामांतल्या मेमरीच्या चुका शोधणारं), काही व्हर्च्युअल मशीन ही त्यातली नेहमीची गिऱ्हाइकं. मोठा हीप (डेटासाठीची मेमरी) मागणारा जावा प्रोग्राम १/३ वर सुरूच होणार नाही, कारण त्याला लागणारा सलग पट्टाच १ जीबीत मिळत नाही. फक्त फाइल सर्व्हर किंवा राउटरचं काम करणाऱ्या यंत्राला १/३ चालू शकतं. तिथे काम कर्नलचं जास्त आणि प्रोसेस लहान. डेस्कटॉपला मी ते सुचवणार नाही.

व्हीएमअलॉकचा पट्टाही याच वाटणीतून येतो. एखाद्या ड्रायव्हरला मोठं मॅपिंग मिळालं नाही की कर्नल व्हीएमअलॉकचा आकार वाढवा असा सल्ला लॉगमध्ये देतो. बूट ओळीत (बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) तो आकार २५६ एमबी केला की ड्रायव्हर खूश होतो, आणि लो मेमरी ८९६वरून ७६८वर येते. कोणाच्या ताटातून काढलं हे लॉग सांगत नाही.

आता पीएई. इंटेलने ते १९९५च्या पेंटियम प्रोबरोबर आणलं. पेज टेबलातली नोंद ४ बाइटची ८ बाइटची झाली, फिजिकल पत्ता ३६ बिटी झाला, म्हणून ६४ जीबी. व्हर्च्युअल पत्ते होते तिथेच राहिले. पेज टेबलांच्या दोन पातळ्यांच्या तीन झाल्या, सगळ्यात वरच्या टेबलात फक्त चार नोंदी, प्रत्येकीच्या वाट्याला १ जीबी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळेच पीएई चालू असताना सुधारित मांडण्या मेन्यूतून गायब होतात : कर्नलची सीमा या १ जीबीच्या खुणेवरच यावी लागते, मधोमध चालत नाही.

४ जीबी बसवलेले असताना ३.२ किंवा ३.५ जीबीच दिसतात, हा जुना प्रश्नही इथलाच. ग्राफिक्स कार्ड आणि बाकीच्या पीसीआय उपकरणांना ४ जीबीच्या खालचेच पत्ते लागतात. फर्मवेअर त्यांच्यासाठी तिथे भोक पाडतं आणि त्याजागची मेमरी ४ जीबीच्या वर सरकवतं. तिथवर पोचायला ३२ बिटांहून मोठा फिजिकल पत्ता हवा. पीएई नसलेला कर्नल लॉगमध्ये सरळ इशारा देतो की फक्त ४ जीबीच वापरले जातील. डीमेसेजच्या सुरुवातीचा ई८२० नकाशा (फर्मवेअरने दिलेला मेमरीचा नकाशा) वाचला की भोक कुठे आहे आणि किती मेमरी वर गेली आहे हे ओळीओळीने दिसतं. ४ जीबीच्या वर काहीच नसेल, तर फर्मवेअरनेच मेमरी सरकवलेली नाही. कर्नल कितीही वेळा बांधला तरी तिथे फरक पडणार नाही.

मेमरी कमी असली तरी पीएई घेण्याला एक भक्कम कारण आहे : सुरक्षा. पेज टेबलातल्या नोंदीचा एनएक्स बिट, म्हणजे 'या पेजमधून कोड चालवू नको' ही खूण, ८ बाइटच्या नोंदीतच बसते. २०१८च्या मेल्टडाउन या प्रोसेसरच्या दोषानंतर आलेलं पेज टेबलांचं विलगीकरण ३२ बिटी कर्नलवर पीएईशिवाय मिळत नाही. त्याच वर्षीच्या एल१टीएफ दोषावरचा बचावही पीएई नसलेल्या कर्नलमध्ये नाही.

गंमत म्हणजे जुन्या कर्नलांत 'हाय मेमरी ४ जीबी' निवडलं की पीएईचा पर्यायच दिसेनासा होतो. म्हणून १ जीबीच्या यंत्रावर एनएक्ससाठी लोक 'हाय मेमरी ६४ जीबी' निवडायचे. त्यापेक्षा नीटनेटकी वाट आहे : हाय मेमरी बंद, पीएई चालू, वाटणी २/२. सीमा १ जीबीच्या खुणेवर येते, लो मेमरी १९२० एमबीपर्यंत जाते, १ जीबी पूर्ण थेट मिळतो आणि एनएक्सही हाती येतो. प्रोसेसचे १ जीबी पत्ते जातात, पण १ जीबी मेमरीच्या यंत्रावर ते सहसा कोणाला जाणवत नाहीत.

अडचणी दोन. प्रोसेसरचं कुटुंब ४८६ निवडलेलं असेल तर ६४ जीबीचा पर्याय मेन्यूत यायचाच नाही, कारण त्या प्रोसेसरला पीएई माहीतच नाही. आणि पीएईचा कर्नल पीएई नसलेल्या प्रोसेसरवर चढवला तर तो सुरुवातीलाच 'हे वैशिष्ट्य प्रोसेसरमध्ये नाही' असं सांगून थांबतो. काही पेंटियम एम प्रोसेसर पीएई जाणतात पण तसं जाहीर करत नाहीत. त्यांच्यासाठी बूट ओळीत 'फोर्सपीएई' असा शब्द आहे.

हे सगळं आता मावळतीला आहे. २०२५च्या ६.१५ आवृत्तीत 'हाय मेमरी ६४ जीबी' हा पर्याय काढून टाकला गेला. पीएई उरलं ते ४ जीबीच्या मर्यादेत. निर्णय योग्यच. प्रोसेसर ६४ बिटी असताना ८ जीबीवर ३२ बिटी कर्नल चालवण्यात काही अर्थ नाही. जुनी ३२ बिटी सॉफ्टवेअर ६४ बिटी कर्नलवरही चालतात, आणि त्यांना ३ ऐवजी जवळपास पूर्ण ४ जीबी पत्ते मिळतात.

६४ बिटांत गेलं की लो-हाय हा भेदच संपतो. एक्स८६वर चार पातळ्यांच्या पेज टेबलांत ४८ बिटी पत्ते, म्हणजे प्रोसेसला १२८ टीबी आणि कर्नलकडे ६४ टीबीचा सरळ पट्टा. बहुतेकांना हे पुरून उरतं. पाच पातळ्यांचा पर्याय ५७ बिटी पत्ते देतो आणि तो चालू केलेला कर्नल जुन्या प्रोसेसरवरही चालतो. चाचणीसाठी बंद करायचा तर बूट ओळीत 'नो५एलव्हीएल'. तो चालू असला तरी प्रोसेसला ४७ बिटांच्या वरचे पत्ते न मागता दिले जात नाहीत. पॉइंटरच्या वरच्या मोकळ्या बिटांत स्वतःच्या खुणा कोंबणारे प्रोग्राम आहेत, आणि त्यांना अचानक मोठा पत्ता मिळाला तर ते कोसळतील. मेमरी मागणाऱ्या एममॅप या कॉलला जो उंच पत्ता सुचवेल, त्यालाच तो मिळतो.

एक जुनी गोष्ट मात्र ६४ बिटांतही शिल्लक आहे : फक्त ३२ बिटी डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट वाचणं-लिहिणं) करणारी उपकरणं. ४ जीबीच्या वरचा बफर त्यांना दिसत नाही. आयओएमएमयू (उपकरणांसाठी पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नसेल तर डेटा खालच्या बफरमध्ये उतरवून घ्यावा लागतो. हा बफर मुळात ६४ एमबीचा असतो. तो भरल्याची तक्रार लॉगमध्ये आली तर बूट ओळीतल्या 'एसडब्ल्यूआयओटीएलबी'चा आकडा वाढवावा. आकडा २ केबीच्या खणांत मोजतात. ३२७६८ म्हणजे ६४ एमबी, म्हणून दुप्पट हवा तर ६५५३६.

६४ बिटी एआरएमवर खरी निवड पेजच्या आकाराची असते : ४, १६ की ६४ केबी. त्यावरूनच पत्त्याचे बिट आणि पातळ्या ठरतात. ४ केबीत ३९ बिटांना तीन पातळ्या, ४८ बिटांना चार. ६४ केबीत ४२ बिटांना दोनच, ४८ला तीन. पातळी कमी म्हणजे टीएलबी (अलीकडे शोधलेले पत्ते लक्षात ठेवणारा प्रोसेसरचा कॅशे) चुकल्यावरची पायपीट कमी. शिवाय टीएलबीतली एक नोंद सोळा पट मेमरी झाकते आणि स्ट्रक्ट पेजचा खर्च दीड टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर येतो. मोठ्या डेटावर सलग चालणाऱ्या कामाला हे मानवतं. लहान फाइलींचा ढीग असेल तर उलटं : २ केबीची फाइलही पेज कॅशेत ६४ केबी अडवते. ह्यूज पेजही फुगतात. ४ केबीला २ एमबी असते तीच १६ केबीला ३२ एमबी आणि ६४ केबीला ५१२ एमबी होते. ५१२ एमबीचा सलग तुकडा चालत्या यंत्रात मिळवणं जवळपास अशक्य, म्हणून तो बूट होतानाच राखून ठेवावा लागतो. मधला १६ केबीचा आकार मला सगळ्यात समंजस वाटतो. रास्पबेरी पाय ५चा नेहमीचा कर्नलही तोच वापरतो.

पेजचा आकार बदलला की मोडतं ते बहुतेक कर्नलच्या बाहेर. ४ केबीच्या सीमेवर जोडलेल्या बायनरी लोडच होत नाहीत; लोडर म्हणतो की तुकडा पेजच्या सीमेवर नाही. जेईमॅलॉक (प्रोग्रामला मेमरी वाटून देणारी लायब्ररी) बांधताना पेजचा आकार पक्का करतं आणि मोठ्या पेजवर 'असमर्थित आकार' म्हणून सुरुवातीलाच बाहेर पडतं. जे प्रोग्राम ते आपल्या पोटात घेऊन फिरतात तेही त्याच्याबरोबर पडतात.

आणि स्वॅप. स्वॅपची ओळखखूण पहिल्या पेजच्या अगदी शेवटच्या १० बाइटांत लिहिलेली असते. ४ केबीच्या कर्नलने ती ४०९६व्या बाइटाच्या आधी लिहिली. ६४ केबीचा कर्नल ती ६५५३६व्या बाइटाच्या आधी शोधतो, आणि तिथे काहीच नसतं. स्वॅप नाहीसा झाल्यासारखा वाटतो. एमकेस्वॅप (स्वॅप तयार करणारा आदेश) पुन्हा चालवावं, पण जुना यूयूआयडी (स्वॅपचा ओळख क्रमांक) वजा मोठ्या यूने देऊन, नाहीतर एफएसटॅबमधली (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीतली) ओळही जुळणार नाही. हायबरनेट केलेलं यंत्र वेगळ्या पेजच्या कर्नलने उठवण्याच्या भानगडीत पडू नये. बदल करण्याआधी ते पूर्ण बंद करावं.

नव्या कॉन्फिगरेशनकडे जाताना सध्याच्या कर्नलची कॉन्फिग फाइल बूटच्या डिरेक्टरीतून उचलावी आणि पर्याय मेन्यूतूनच बदलावेत. डॉट कॉन्फिग हाताने संपादित करून 'ओल्डडेफकॉन्फिग' (उरलेले पर्याय आपोआप भरणारा आदेश) चालवलं, आणि लिहिलेल्या पर्यायाची अट पूर्ण होत नसेल, तर तो पर्याय चकार शब्द न काढता मागे घेतला जातो. मेन्यूत तिरकी रेघ दाबून पर्यायाचं नाव शोधलं की तो कशावर अवलंबून आहे आणि त्यातलं काय बंद आहे हे तिथेच दिसतं. बांधून झाल्यावर जुना कर्नल बूट मेन्यूत राहू द्यावा, बाहेरून आणलेली मॉड्यूलं नव्याने बांधावीत. बूट झाल्यावर एक्स८६वर डीमेसेजमधल्या 'लोमेम' आणि 'हायमेम'च्या ओळी, एआरएमवर 'गेटकॉन्फ पेजसाइझ'चं उत्तर, आणि दोन्हीकडे यंत्र पूर्ण भारावर असताना झोनइन्फोतले 'फ्री' आणि 'मिन' शेजारी ठेवून पाहावेत. रिकाम्या यंत्रावर हे आकडे नेहमीच छान दिसतात.